समुद्राकडचं घर की वाडीतलं

आम्ही काही हॉटेलात राहणारी माणसं नव्हतो. हॉटेल म्हणजे आमच्या लेखी शहापूरच्या एसटी स्टँडसमोर भजी खायची जागा. तिथं माणसं राहतात, झोपतात, सकाळी उठून आंघोळ करतात, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. त्यामुळं दोन हॉटेलांतून एक निवडायची वेळ आमच्या घरावर आली तेव्हा आम्ही ते काम कसं केलं ते ऐकाल तर हसाल. हसा खुशाल. आम्हीपण हसतो आता.

साल सत्त्याण्णव असेल नायतर अठ्ठ्याण्णव. माझी सालं नेहमी चुकतात, पण थोरली नववीत होती एवढं पक्कं. यांची वाशिंदच्या कारखान्यात नोकरी, आणि घरची भातशेती. यांची रजा बरीच साठली होती आणि मार्चच्या आत घेतली नाही तर ती बुडणार होती. आता आमच्या यांना एखादी गोष्ट फुकट गेलेली बघवत नाही. ताटातलं शीत नाही बघवत, तर रजा कशी बघवेल? पण रजा घेऊन करायचं काय? भात झोडून कणगीत पडलेला, म्हसा गावची जत्रा झालेली, शेतात वाल उभा. घरी बसलेत म्हणजे माझ्या मागंमागं फिरून ‘हे इथं का ठेवलंय, ते तिथं का’ एवढंच करणार.

तर यांच्याबरोबर काम करणारे एक अलिबागकडचे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, आमच्या नागावला घेऊन जा सगळ्यांना, चार दिवस समुद्र बघा. आणि एका कागदावर दोन पत्ते फोन नंबरासकट लिहून दिले. दोन्ही घरगुती हॉटेलं. म्हणजे घरमालक तिथंच राहतो, दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतो, असं. एक घर अगदी समुद्रावर. तिथं गॅस, भांडी सगळं मिळतं, आपलं आपण करून खायचं. दुसरं नारळी-पोफळीच्या वाडीत, जरा आत. तिथली मालकीणबाई स्वतः जेवण करून वाढते.

कागद यांनी वाचून दाखवला आणि ‘स्वतः जेवण करून वाढते’ हे शब्द माझ्या कानात जाऊन बसले ते उठेचनात.

हे जरा सांगायला हवं. मला तेव्हा लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत मी कुठं गेले नव्हते असं नाही. लग्नांना गेले, बारशांना गेले, नणंदेच्या घरभरणीला गेले, माहेरी तर दर वर्षी. पण बाईनं बाहेर जायचं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीपुढं जाऊन बसायचं. पोचल्यावर पाणी प्यायलं की पदर खोचायचा आणि ‘काय करायचं राहिलंय?’ विचारायचं. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती तेव्हा मी आत खोबरं किसत होते. तक्रार नाही करत. सगळ्याच करतात. फक्त मी हे कधी मोजलं नव्हतं, ते त्या दिवशी कागद ऐकताना मोजलं गेलं.

म्हणून मी तिथल्या तिथं बोलून टाकलं. “मी येईन, पण चार दिवस गॅसला हात लावणार नाय. तसं असेल तर सांगा. नायतर तुमी जा, मी वाल राखते.”

घरात सगळी हसली. घरात म्हणजे हे, धाकटे दीर, जाऊ, सासूबाई आणि आमची दोघींची मिळून चार पोरं. दीर म्हणजे भावजी, ते शहापूर-मुरबाड रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे, त्यामुळं जायच्या गाडीचा प्रश्न नव्हता. ते म्हणाले, “वैनी, तुमी न रांधता चार दिवस काढाल? दुसऱ्या दिवशी मालकिणीच्या हातातली पळी ओढून घ्याल.”

“बघा मग,” मी म्हटलं.

आता दोन घरांतलं कुठलं घ्यायचं? आमच्याकडं मुलगी द्यायच्या आधी दोघं कर्ते पुरुष जाऊन घर बघून येतात. तेच यांना सुचलं. दुसरं सुचणार तरी काय? एका रविवारी हे आणि भावजी पहाटे जीप काढून मुरबाडवरून कर्जत, खोपोली, पेण करत नागावला गेले, दोन्ही घरं बघितली आणि अंधार पडायच्या सुमाराला परत आले. आम्ही सगळ्या ओटीवर गोळा.

“तर समुद्राकडचं घर,” यांनी सुरुवात केली. “विहीर पक्की बांधलेली. पाणी गोडं. समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं, नवलच म्हणायचं.”

“मी दोन तांबे प्यायलो,” भावजी म्हणाले.

“माती रेताड. वांगी बरी होतील, दुसरं काय नाय. मालकाच्या दोन म्हशी. गॅसचा बाटला उचलून बघितला, भरलेला होता. पातेली मोठी, ॲल्युमिनची नाय, पितळेची. वाडीतल्या घरी विहिरीला रहाट. पोफळी ह्या एवढाल्या. पाटाचं पाणी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी सोडलेलं, शिकण्यासारखं काम. मालकीणबाय जरा कडक वाटली.”

जाऊबाईनं विचारलं, “आणि समुद्र?”

दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

“समुद्र हाय ना,” भावजी म्हणाले.

“कसा हाय?”

“कसा म्हणजे? समुद्रासारखा.”

हळूहळू बाहेर आलं की दोघांनी दोन विहिरी बघितल्या, म्हशींचे दात बघितले, खारजमिनीत भाताचं बियाणं कुठलं टाकतात ते विचारून घेतलं, आणि समुद्रावर गेलेच नाहीत! वाडीतल्या घरापासून तो किती लांब आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. “आवाज येत होता,” एवढंच. माझी थोरली हसून हसून लोळायची राहिली. हे चिडले. “समुद्र काय बघायचा? तो कुठं जातो? पाणी खारं निघालं असतं तर तुमीच बोंबलला असता.”

बरं, एवढं सगळं बघून त्यांचं मत काय पडलं? समुद्राकडचं घर. दारातून समुद्र दिसतो, असं मालकानं सांगितलं होतं. पोरांचं मत तेच. आणि मुख्य म्हणजे, हे म्हणाले, आयचा भात. आमच्या सासूबाईंना आमच्याच शेतातला तांदूळ लागतो, हे साऱ्या गावाला माहीत. विकतच्या पांढऱ्याफेक तांदळानं त्यांच्या पोटात दुखतं. लग्नाकार्यात गेल्या तरी नुसती भाजी-भाकरी खाऊन उठायच्या. तेव्हा आपला तांदूळ बरोबर न्यायचा, आपण शिजवायचा, म्हणजे गॅसवालं घर बरं. आयच्या नावापुढं कुणी काय बोलणार?

जाऊबाई मला मागल्या दारी म्हणाली, “आपण दोघी मिळून पटकन करू हो वैनी. तासाभराचं काम.” ती भल्यासाठीच म्हणाली. पण मला तिचा इतका राग आला की मी तिच्या हातातली बादली घेऊन निघून गेले. तासाभराचं! न्याहरी, दुपारचं, चार वाजता चहा, रात्रीचं. नऊ माणसं. मग घरी काय वाईट आहे? इथं निदान चुलीपुढं बसलं की दारातून सिद्धगड तरी दिसतो.

पण माझंही चुकलं, मी भांडले नाही. गप्प बसले. मी गप्प बसले की घरात सगळ्यांना वाटतं मिटलं.

डोक्यात मात्र एक विचार आला होता. अडचण तांदळाची आहे ना? मग वाडीतल्या बाईलाच सांगू की आमचा तांदूळ आणतो, त्याचा भात तुम्ही शिजवा. झालं! आमच्याकडं तसंही कुणाकडं राहायला जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत. पायली-दोन पायली तांदूळ बरोबर असतोच. नवा तांदूळ घेऊन दारात उभं राहिलं की कसं बरं दिसतं. मला वाटलं, बाई खूश होईल.

बाजाराच्या दिवशी शहापूरला गेले तेव्हा तो कागद घेऊन एसटीडीच्या टपरीत शिरले. परक्या माणसाला फोन मी आयुष्यात केला नव्हता. टपरीला काचेचं दार होतं पण त्याची बिजागरी गेलेली, दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. म्हणजे आतला फोन बाहेरच्या बाकावरची सगळी माणसं ऐकणार. टपरीवाल्यानं नंबर लावून दिला.

पलीकडून बाईचा भरदार आवाज. “बोला.”

मी नको तेवढं जोरात बोलले. अलिबाग लांब आहे म्हणून. “आमी शहापूरकडून बोलतोय! आमचे दोघं रविवारी तुमचं घर बघून गेले!”

“हां, म्हशींचे दात बघणारे. गावभर झालं ते.”

“म्हशी त्या दुसऱ्या घरच्या.”

“मग माझा रहाट फिरवून बघणारे. बोला, काय ठरलं?”

बाकावरची एक म्हातारी म्हणाली, “गरम पाणी देतात का इचार.” तिच्या बाजूचा टोपीवाला म्हणाला, “कोंबडी करतात का ते आधी इचारा.” मी हातानं त्यांना गप्प केलं आणि माझं बोलणं नीट जुळवून सांगितलं, की आम्ही आमच्या घरचा तांदूळ घेऊन येऊ.

“तांदूळ?” बाई म्हणाली. “माझ्या घरी तांदूळ नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तसं नाय हो बाई. आमच्यात जाताना नेतात.”

“नेत असतील. सोयऱ्यांच्या घरी. माझ्याकडे माणसं जेवायला येतात ती माझ्या हातचं, माझ्या घरातलं जेवतात. माझं धान्य चालत नसेल तर समुद्रावर एक घर आहे. तिथं गॅस मिळेल.”

आणि फोन ठेवला.

मी तो कानाला तसाच लावून उभी. बाकावरची म्हातारी म्हणाली, “काय गो, ठेवला वाटतं?” टोपीवाला म्हणाला, “हॉटेलवालीला तांदूळ देतेस? उद्या न्हाव्याकडं वस्तरा घेऊन जाशील.” सगळी टपरी हसली. मी पिशवी उचलून चालू पडले. बाजारातून काय आणायचं होतं तेही विसरले. माझ्या हातानंच मी ते दार लावून घेतलं होतं ना! आणि त्या बाईचंही काही चुकलं नव्हतं. माझ्या पंगतीला कुणी डबा घेऊन बसलं असतं तर मी काय ओवाळलं असतं?

घरी आले तर हे म्हणाले, उद्या समुद्राकडच्या घराला फोन करून नक्की करतो. म्हटलं करा.

सासूबाई मागल्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्यासमोर सूप ओढलं.

“तोंड का पाडलंयस?”

“काय नाय आत्या.”

“टरफलं सुपात नि दाणे सुपाबाहेर टाकतेस, नि म्हणतेस काय नाय.”

मग सगळं सांगितलं. टपरी, म्हातारी, टोपीवाला, सगळं. मला वाटलं रागावतील. त्यांनी शेंग खाली ठेवली, “हॉटेलवालीला तांदूळ नेते म्हणालीस?” असं विचारलं आणि अशा हसायला लागल्या की त्यांना ठसका लागला, मला उठून पाठ चोळावी लागली. डोळे पुसून झाल्यावर पुन्हा कामाला लागल्या. शेंगा भराभर सोलत होत्या.

संध्याकाळी दोघे लेक जेवायला बसले, मी वाढत होते. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “कोण म्हणलं रे मला दुसऱ्याचा भात चालत नाय?”

हे घास हातात धरून थांबले. “आय, तूच म्हणतेस ना.”

“म्हणते. घरात म्हणते. मला म्हणायला आवडतं. म्हणून काय बाहेर जाऊन माझ्या नावानं चूल मांडाल?”

“अगो, पण तुझं पोट दुखतं,” भावजी म्हणाले.

“दुखू दे. साठ वर्षं आपलाच भात खातेय, त्याला नावं कशी ठेवणार? आपलाच तो. एकदा परक्या बायचा भात खाऊ द्या, चांगली पोटभर नावं ठेवीन. जायाचं तर त्या वाडीतल्या घरी. नायतर मीपण वाल राखते, हिच्याबरोबर.”

यांनी शेवटचा प्रयत्न केला. “पण मग दारातून समुद्र नाय दिसणार.”

“पाय नायत का तुला?”

मी आमटी वाढायच्या निमित्तानं मान खाली घातली. हसू लपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टपरीत. बाक सुदैवानं रिकामा होता. पलीकडून बाईनं आवाज ओळखला. “तांदळाच्या बाई ना?”

“हो.”

“मग?”

“रिकाम्या हातानं येतो.”

ती हसली, मोठ्यानं. “या,” म्हणाली. “किती जणं? मासळी खाता ना?”

फेब्रुवारीच्या सुरवातीला आम्ही गेलो. जीपमध्ये नऊ माणसं आणि वळकट्या, कारण तिथं अंथरूण मिळतं यावर यांचा विश्वास नव्हता. वाडीत शिरलो तर एकदम गार. वर पोफळी, खाली ओली माती, पाटातून पाणी झुळझुळ चाललेलं. मालकीणबाई दारात उभी. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, अंगानं भक्कम, चष्मा नाकावर उतरलेला. तिनं आमच्या हातांकडं आधी बघितलं. खरंच काही आणलं नाही ना याची खात्री करून घेतली असणार.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिनं एक बुटकं स्टूल आडवं ठेवलं होतं. म्हणाली, “बायकांसाठी आहे ते. याच्या आत यायचं नाही. पुरुष येत नाहीतच, त्यांना सांगावं लागत नाही.”

पहिलं जेवण मला जड गेलं, खोटं कशाला बोलू. ओटीवर सगळ्यांची एकच पंगत. हे, भावजी, पोरं, सासूबाई, आणि त्यांच्याच ओळीत जाऊबाई आणि मी. घरी आम्ही दोघी शेवटी बसतो, दोन पातेली मध्ये घेऊन. इथं पानात सगळं वाढलेलं. कोळंबीची आमटी, ओल्या वाटाण्याची उसळ, तांदळाची भाकरी, भात. मी घास घेतला, पण माझे कान माझ्या पानात नव्हते. यांच्या पानावर बोटं घासल्याचा आवाज आला की मला कळतं आमटी संपली. मी अर्धी उठले.

“बसा,” बाई म्हणाली. माझ्याकडं न बघता तिनं यांना आमटी वाढली.

मग भावजींनी पाण्याचा तांब्या शोधला, मी पुन्हा उठले. “बसा हो.” तिसऱ्यांदा मी उठलेसुद्धा नाही, नुसता गुडघा हलवला, तर जाऊबाईनं माझा पदर धरून खाली ओढलं आणि फस्सकन हसली. भावजी म्हणाले, “वैनी, मी म्हणलो होतो की नाय? पळी ओढून घ्याल.” मग मात्र मला ईर्षा आली. मांडी घट्ट घातली. म्हटलं, आता इथं आग लागली तरी उठायची नाही. आणि जेवले. पहिल्यांदा कोळंबीची चव कळली. बाईनं त्यात कैरीची फोड टाकली होती, सुकवलेली.

सासूबाई भाताचं एक एक शीत दाताखाली धरून खात होत्या. जेवून झाल्यावर जाहीर केलं, “मोकळा हाय. पण वास नाय. आमच्या भाताचा वास पडवीपर्यंत येतो.” हे बोलताना त्यांचा चेहरा इतका खुललेला की काय सांगू. बाईनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ जरा भाजून घेऊन भात केला आणि वाढताना विचारलं, “आज?”

“कालच्यापेक्षा बरा,” सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा घेतला. पोट काही दुखलं नाही. दुपारी बघते तर दोघी पाटाच्या कडेला बसून, कुठल्या तांदळाची भाकरी तव्याला चिकटते यावर भांडत होत्या. चार दिवस ते भांडण पुरलं.

समुद्र पंधरा मिनिटांवर निघाला, चालत. हे पहिल्या दिवशी कुरकुरले, की त्या घरी असतो तर दारात बसून बघितला असता. पण पोरं अशी सुटली होती की त्यांच्या मागं धावताना कुरकुर राहून गेली. सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही वाळूत नेलं. पायावर पाणी आलं तसं त्यांनी खाली वाकून हात ओला केला, चाटून बघितला, आणि समोर लांबवर बघत राहिल्या. म्हणाल्या, “एवढं पाणी, नि भात लावता येत नाय. काय उपयोग?” पण पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या.

तिसऱ्या दिवसाचं मात्र मी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळची न्याहरी झाली, आणि मला काही कामच नव्हतं. जाऊबाई केस वाळवत बसली होती, पोरं रहाटाशी. मी एकटीच समुद्राकडं निघाले. जाताना चुकून दुसऱ्या गल्लीत शिरले आणि त्या घराच्या मागल्या बाजूला आले. समुद्राकडचं घर, म्हशी दिसल्या म्हणून ओळखलं. मागल्या भिंतीला एक खिडकी, आणि खिडकीत एक बाई चपात्या लाटत होती. पाहुणी असणार, पंजाबी ड्रेस घातलेला, कानात चांगली फुलं. कपाळावरचा घाम मनगटानं पुसत तिनं मला विचारलं, “ताई, भरती आहे का आता?”

मी थांबले. “तुमाला दिसत नाय का? घर तर समुद्रावर हाय.”

“पुढून दिसतो,” ती म्हणाली. “इकडून हे दिसतं.” आणि लाटण्यानं माझ्या पाठीमागं दाखवलं. मी वळून बघितलं. शेजारच्या न्हाणीघराची भिंत. तिच्यावर एक टॉवेल वाळत घातलेला.

मला एकदम सगळं कळलं. दारातून समुद्र दिसतो असं मालकानं सांगितलं होतं, ते खरंच होतं. ओटीवरून दिसत होता, झोपायच्या खोलीतून दिसत असेल. पण दोघं कर्ते पुरुष विहिरीचं पाणी पिऊन, गॅसचा बाटला उचलून आले, आणि त्या स्वयंपाकघराची खिडकी कुठं उघडते ते काही त्यांनी बघितलं नाही. मी गेले असते बघायला तर मीही बघितलं नसतं कदाचित. ओटीवर उभं राहून समुद्र बघितला असता आणि हो म्हटलं असतं.

“कधी आलात?” मी विचारलं.

“परवा. काल जायचंच होतं, पण यांचे मित्र आले जेवायला. आज एवढ्या चपात्या झाल्या की जाते.”

“ओहोटी लागलीय. पाणी लांब जाईल मग. चला आत्ताच, मी चाललेय.”

तिनं आत मान वळवून बघितलं. मग म्हणाली, “कुकरच्या दोन शिट्ट्या राहिल्यात.”

“मी थांबते,” म्हटलं.

आणि आम्ही दोघी, ती आत मी बाहेर, त्या दोन शिट्ट्यांची वाट बघत उभ्या. पहिली झाली. दुसरी यायला केवढा वेळ लागला! दुसरी अर्धी वाजली तोच तिनं गॅस बंद केला, परातीवर कापड टाकलं आणि मागल्या दारानं बाहेर आली. हाताला पीठ तसंच. समुद्राच्या पाण्यात तिनं हात धुतले, पीठ पांढरं होऊन लाटेबरोबर गेलं. आम्ही काही फार बोललो नाही. ती नाशिककडची होती. तिला शिंपले पाहिजे होते, दोघींनी मिळून गोळा केले. भिजलेल्या वाळूत माझ्या पायाचे अंगठे रुतत होते आणि मला कुठं पोचायचं नव्हतं. मधेच ती म्हणाली, “तुम्हाला नाही का जायचं करायला?” मी म्हटलं, “नाय. आमच्याकडं आमची बाई करते.” असं म्हटलं! जशी काही मी पेणची इनामदारीण.

मग तिला ओटीवरून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. मी आणखी थोडी पुढं चालत राहिले. सूर्य डोक्यावर आला तेव्हा लक्षात आलं की जेवायची वेळ होऊन गेली असणार. पाय उचलून वाडीत आले. मनात आपली भीती, सगळी पानावर खोळंबली असतील, हे चिडले असतील.

ओटीवर पोचले तर पंगत उठलेली. पोरं हात धुवून पळाली होती. सासूबाई सुपारी कातरत होत्या. हे झोपाळ्यावर. मला बघून जरा ओशाळल्यासारखे झाले. “कुठं होतीस गो? आमी जेवून घेतलं.”

लग्नापासून तोपर्यंत असं कधी झालं नव्हतं. मी माहेरी नाही, इथंच आहे, आणि घर माझ्यावाचून जेवून मोकळं झालंय. मी दारातच उभी राहून ते ऐकत होते. वाईट वाटावं की काय, मला कळेना, पण वाईट काही वाटत नव्हतं.

“उशीर केलात,” बाई आतून म्हणाली. “पान काढून ठेवलंय तुमचं. आमटी गार झाली असेल. गरम करू?”

तोंडात आलंच होतं, की नको, असू दे गार, मी खाते तशीच.

“करा,” मी म्हटलं आणि पाटावर जाऊन बसले.